'शी हू बिकेम द सन' : मिंग राज्याच्या जन्माची वेगळी गोष्ट (कथानक फोडलेलं आहे)

नदीकाठची

नमस्कार मंडळी. शेली पार्कर-चान यांची 'शी हू बिकेम द सन' (२०२१) इथे कुणी वाचलीय का? मी ती संपवली आणि पुन्हा पहिल्या पानापासून काढून बसले आहे. हिच्याबद्दल मराठीत भरभरून बोलायचंय, म्हणून हा धागा. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढचा भाग 'ही हू ड्राउन्ड द वर्ल्ड' २०२३ मध्ये आला. तो मी अजून हातात घेतलेला नाही, त्याबद्दल कृपया कुणी काही फोडू नका.

काळ चौदाव्या शतकाचा. चीनवर मंगोलांचं युआन राज्य आहे आणि जागोजाग बंडं पेटताहेत. हुआई नदीच्या मैदानातल्या एका गावात, १३४५ साली, दुष्काळाने माणसं पाल्यासारखी गळताहेत. झू कुटुंबात बाप, मुलगा चोंगबा आणि एक मुलगी एवढेच उरलेत. मुलीला कादंबरीत नावच नाही. ज्योतिषी मुलाला सांगतो की तू फार मोठा होशील. मुलीला सांगतो, तुझ्या वाट्याला काहीच नाही. मग दरोडेखोर येतात, बाप मारला जातो, आणि ज्याच्या नशिबात मोठेपण लिहिलंय तो पोरगा जगायची इच्छाच सोडून मरून जातो. मुलगी त्याचं नाव घेते, मुलगा म्हणून मठाच्या दारात जाऊन बसते आणि आत घेईपर्यंत उठत नाही. इथून पुढे ती झू. मंगोलांचं सैन्य तो मठ जाळतं तेव्हा ती लाल फेटेवाल्या बंडखोरांत शिरते.

इतिहासातला झू युआनचांग याच वाटेने जाऊन १३६८ साली मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला. म्हणजे शेवट जगाला ठाऊक आहे. तरी कादंबरी हातातून सुटत नाही, कारण झूला तो ठाऊक नाही. आपण चोंगबा नाही हे एक दिवस आकाशातल्या देवांच्या ध्यानात येईल, ही तिची खरी भीती. म्हणून प्रत्येक वळणावर ती स्वतःला विचारते, चोंगबा असता तर त्याने काय केलं असतं? पुढे लढाईत उजवा हात तुटतो. असं काही चोंगबाच्या नशिबात असणं शक्य नव्हतं, तरी आपण जिवंत आहोत, म्हणजे इथवर आलो ते आपल्याच बळावर, हे तिला उमगतं. ते प्रकरण मी लागोपाठ दोनदा वाचलं.

आता मुख्य मुद्दा. 'ऐतिहासिक कादंबरी, शिवाय समलिंगी प्रेमकथा' असं हिचं वर्णन बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्यातलं 'शिवाय' मला पटत नाही. प्रेम बाजूला काढलंत तर यातला इतिहास जागचा हलणार नाही. एका बाजूला झू आणि मा. मा एका सरदाराची मुलगी, बंडखोरांच्या म्होरक्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. तिने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं नाही. झू तिला पहिल्यांदा सांगते की स्वतःसाठी काहीतरी हवं असणं शीक. झूचं गुपित कळूनही मा तिची बायको होते, आणि त्या दोघींच्या एकांतात जी माया आहे तिच्यामुळे झू माणूस राहते.

दुसऱ्या बाजूला सेनापती ओयांग आणि मंगोल राजपुत्र एसेन. एसेनच्या बापाने ओयांगचं अख्खं कुळ मारलं आणि या एकाला खच्ची करून, खोजा बनवून जिवंत ठेवलं. ओयांग सूडासाठी जगतो, आणि ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याच्याच मुलावर त्याचा जीव आहे. एसेनला तो सगळ्यांत जवळचा वाटतो, पण समोरचा किती जळतोय हे त्याला दिसत नाही. या दोघांमध्ये उघड प्रेमाचा एक शब्द बोलला जात नाही आणि तरी साम्राज्याचं भवितव्य त्यांच्यावर अडकलेलं असतं. शेवटी ओयांग एसेनला मारतो. ते वाचताना मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

तुम्हाला कशी वाटली?

जुनी_बखर

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी हिच्याकडे इतिहासाच्या ओढीने गेलो आणि फार आनंद झाला, कारण लेखकाने सामग्री खरी वापरली आहे आणि मोडतोड जाणीवपूर्वक केली आहे.

खरा झू १३२८ सालचा. जन्मनाव चोंगबाच. १३४४ मध्ये दुष्काळ आणि साथीत आईवडील गेले, पोट भरायला तो मठात शिरला, पुढे काही वर्षं भिक्षा मागत फिरला. त्याच साली पिवळी नदी फुटली. १३५१ मध्ये नदी पुन्हा वळवायला सरकारने प्रचंड संख्येने वेठबिगार जुंपले आणि त्या मजुरांतूनच लाल फेटेवाल्यांचं बंड उसळलं. सरकार खर्चापायी कागदी नोटा छापत सुटलं होतं, त्यामुळे पैशालाही किंमत उरली नव्हती. १३५२ मध्ये झू ग्वो नावाच्या म्होरक्याकडे दाखल झाला आणि त्याची मानसकन्या मा हिच्याशी त्याचं लग्न झालं. १३५६ मध्ये त्याने आजचं नानजिंग घेतलं.

कादंबरीतला मठातला मित्र श्यू दा हाही खरा सेनापती. १३६८ मध्ये मंगोलांची राजधानी, म्हणजे आजचं बीजिंग, त्यानेच घेतलं. एसेनचा सावत्र वाटणारा, हिशेब सांभाळणारा, सतत हिणवला जाणारा भाऊ वांग बाओश्यांग आठवतोय ना? तो कोके तेमूर या खऱ्या मंगोल सेनानीवर बेतलाय. त्याचं चिनी नाव वांग बाओबाओ, आणि तो चाघान तेमूर या युआन सेनापतीचा भाचा व दत्तकपुत्र होता. एसेन आणि ओयांग मात्र कल्पनेतले. इतिहासात जिथे रिकामी जागा होती, नेमकी तिथे हे प्रेम आणि सूड बसवलाय. हे कसब मला फार आवडलं.

आकाशकंदील

मला कादंबरी आवडली, पण दोन तक्रारी आहेत.

एक म्हणजे अद्भुताचा भाग फारच थोडा आहे. झूला भुतं दिसतात, आणि राज्य करायचा दैवी कौल ज्याला मिळतो त्याच्या हातात ज्योत पेटते, बस एवढंच. ड्रॅगन आणि मंत्रतंत्राच्या अपेक्षेने गेलेला वाचक उपाशी राहतो.

दुसरी तक्रार मोठी. माचं काम नुसतं हळहळण्याचं आहे. बाकीचे राज्यं उलथवताहेत आणि ही बिचारी प्रत्येक मेलेल्यासाठी रडतेय. झूसारखी बाई लिहिणाऱ्या लेखणीने तिची जोडीदारीण इतकी परंपरागत का रंगवावी?

नदीकाठची

@आकाशकंदील, पहिली तक्रार मान्य, पण मला त्यातच गंमत वाटली. चिनी राजकारणात राज्याचा दैवी कौल ही खरीच कल्पना होती. राजा नालायक झाला की कौल जातो, पूर, दुष्काळ ही त्याची चिन्हं. पार्कर-चान यांनी एवढंच केलं की ती कल्पना डोळ्यांना दिसेल अशी केली. कौल ज्योतीसारखा तळहातावर उभा राहतो, मग कुणालाही खोटं बोलता येत नाही. भुतांचंही तसंच. दुष्काळात मेलेली, कुणी पिंड न दिलेली माणसं कुठे जाणार? ती रस्त्याच्या कडेला उपाशी उभी असतात आणि झू त्यांच्यातून वाट काढत जाते. मंत्रतंत्र असते तर ही भूक एवढी अंगावर आली नसती.

माबद्दल मात्र मी भांडेन :) त्या सैन्यात माणूस मरतो तेव्हा ते मरण आहे असं मानणारी ती एकटीच आहे. झूला जे हवंय त्याची किंमत कोण मोजतंय हे झूला सांगणारं दुसरं कुणी नाही. बाहेरच्या जगात सगळ्या बायकांवर रडण्याची सक्ती असते. इथे तिच्या रडण्याला झू उत्तर द्यायला बांधील असते, हे परंपरागत नाही.

जुनी_बखर

थोडी भर. इतिहासातल्या मा सम्राज्ञीबद्दलही हेच सांगतात की नवऱ्याचा राग आवरणारी तीच. ती १३८२ मध्ये वारली. झूने १३८० मध्ये आपल्या प्रधानाला राजद्रोहावरून मारलं आणि प्रधानाचं पदच कायमचं रद्द केलं. त्या प्रकरणात आणि १३९३ च्या दुसऱ्या प्रकरणात हजारो माणसं मारली गेली. त्यामुळे कादंबरीतली मा रडते तेव्हा मला पुढचे ते आकडे आठवतात आणि ती 'नुसती हळहळते' असं म्हणवत नाही.

निळा_पारवा

इथे पहिल्यांदाच लिहितोय. बरीच वर्षं फक्त वाचत होतो.

मी गे आहे. ओयांगबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्यासारख्यांच्या गोष्टी मी वाचल्या त्या बहुतेक आजच्या. घरच्यांना सांगणं, घर सोडणं, शहर. त्या गोष्टी हव्यातच. पण लहानपणी मी आजोबांच्या कपाटातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलो. घोडदळं, किल्ले, फितुरी, रात्रीतून मारलेली मजल. त्या जगात माझ्यासारखा कुणी नसायचा. असला तर जनानखान्याच्या दाराशी उभा, कपटी, हसण्यासाठी ठेवलेला. आणि इथे तोच खोजा सगळ्यांत कुशल सेनापती आहे, देखणा आहे, त्याचा राग खरा आहे, आणि त्याच्या प्रेमावर कादंबरी एकदाही हसत नाही.

ओयांग स्वतःची घृणा करतो. लोक त्याच्या चेहऱ्याला बायकी म्हणतात तेव्हा तो त्या लोकांपेक्षा बायकांचाच जास्त द्वेष करतो. हे वाचायला अवघड आहे, पण मी असे पुरुष पाहिलेत. ज्याच्यावर मन आहे तो मित्र खांद्यावर हात टाकून आपल्या लग्नाबद्दल बोलतो आणि आपण चेहरा कोरा ठेवून ऐकत राहतो, हेही पाहिलंय. एसेनचा हाच तर गुन्हा आहे. तो दुष्ट नाही. त्याने कधी विचारलंच नाही.

शेवट दुःखद आहे म्हणून ही कादंबरी नको असं मला काहींनी सांगितलं होतं. समलिंगी जोडीतला एक मरतोच, या सवयीचा मलाही कंटाळा आहे. पण इथे मरण प्रेमाची शिक्षा म्हणून येत नाही, आणि त्याच पुस्तकात झू आणि मा एकमेकींसोबत जिवंत आहेत. दोन्ही एकत्र आहेत म्हणून मला ते पेललं.

नदीकाठची

@निळा_पारवा, लिहितं झालात याचा खूप आनंद आहे. 'त्याने कधी विचारलंच नाही' हे वाचून मी एसेनची सगळी प्रकरणं पुन्हा काढली. ओयांग त्याच्या बापाच्या मरणामागे आहे हे त्याला कळतं तोवर विचारण्याची वेळ गेलेली असते.

दौलताबादकर

कादंबरी वाचलेली नाही, पण खोजा सेनापती म्हटल्यावर थांबलो. आमच्या भागातल्या माणसाला मलिक काफूर आठवणारच. खंबायतला पकडलेला गुलाम, अलाउद्दीन खिलजीचा सेनापती झाला, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या रामदेवरायाला त्याने नमवलं, पुढे वारंगळ आणि त्याही खाली गेला. १३१६ मध्ये, अलाउद्दीन गेल्यावर महिनाभरातच मारला गेला. सुलतानाचा त्याच्यावर जीव जडला होता असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो, अर्थात नाराजीनेच. म्हणजे तुमच्या ओयांगच्या आधी एकच पिढी. त्याचं मन काय म्हणत होतं याची नोंद कुणी ठेवली नाही. ठेवली ती शत्रूंनी. अशा माणसाला आतून लिहिलेलं पुस्तक असेल तर मी नक्की वाचेन. इंग्रजी कितपत अवघड आहे?

नदीकाठची

@दौलताबादकर दादा, काफूरची आठवण अगदी चपखल. इंग्रजी सरळ आहे, नावंच तेवढी सुरुवातीला अडतात. माणसांची यादी सुरुवातीला दिलेली असेल तर तिथे खूण ठेवा. पहिला भाग मठाचा आहे, तो संथ नाही. ओयांग आला की वेग बदलतो.

जुनी_बखर

काफूरवरून आणखी एक. खऱ्या झूच्याच राज्यात, १३८१ च्या सुमारास मिंग फौजा युन्नानमध्ये घुसल्या. तिथे पकडलेल्या एका लहान मुलाला त्यांनी खोजा केलं. तोच पुढचा दर्यासारंग झेंग हे, १४०५ पासून सात सफरी करणारा, आपल्या कालिकतला पोचलेला. ओयांगबरोबर मंगोलांनी जे केलं तेच झूच्या सैन्याने दुसऱ्या मुलाबरोबर केलं. कादंबरी १३६८ च्या आधीच थांबते, पण हे माहीत असलं की झू आणि ओयांग यांच्या समोरासमोरच्या प्रसंगांना वेगळीच धार येते.

धम्मवाट

मला वेगळ्याच अंगाने बोलायचंय. आमच्या घरी दर रविवारी वंदना होते, बुद्ध आणि त्यांचा धम्म लहानपणापासून कानावर आहे. त्यामुळे झू मठात वाढते हे मला नुसतं पार्श्वभूमी म्हणून वाचता आलं नाही. दुःखाचं मूळ तृष्णा, हे तिला वर्षानुवर्षं शिकवलं जातं. ती ते समजून घेते, आणि तरी ठरवते की मला हवंय, दुःखासकट हवंय. मला हा धर्माचा अपमान वाटला नाही. ज्याच्या वाट्याला 'काहीच नाही' असं जन्मतःच लिहून दिलंय, त्याला 'इच्छा सोड' असं सांगणं सोपं असतं. आधी हक्काने काहीतरी हवं म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे कुणाच्या नशिबी काय हे कोण लिहीत आलंय ते सांगायला नको.

म्हणून तिचं माला 'हवं असणं शीक' म्हणणं मला प्रेमाच्या कबुलीपेक्षा मोठं वाटलं. तिथे स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणं आणि नशीब नाकारणं ही एकच कृती होते.

बंडखोरांचा विश्वासही मैत्रेयावर आहे, पुढचा बुद्ध येणार आणि जग बदलणार. तेज घेऊन आलेला बंडखोरांचा बालराजा त्याच आशेवर उभा आहे. आणि म्हणूनच शेवटाशी मी अडलोय. झू त्या मुलाला मारते. मूल आहे ते. त्यानंतर तिच्या विजयाचा आनंद मला होईना. तुम्हा सगळ्यांना झाला?

आकाशकंदील

हाच प्रश्न मला विचारायचा होता. मी पुस्तक तिथे मिटून ठेवलं आणि उरलेली पानं दुसऱ्या दिवशी वाचली.

मीनल७

मध्येच विचारते. मुलगी अकरावीत आहे, तिला मैत्रिणीने सुचवलंय. देऊ का? प्रेमाचं मला काही वाटत नाही, तिच्याशी घरात मोकळं बोलतो. हिंसा किती आहे?

निळा_पारवा

@मीनलताई, हिंसा आहे, छळाचे आणि शिक्षेचे प्रसंग अंगावर येतात, झू आणि माचा शरीरसंबंधाचा एक प्रसंगही स्पष्ट आहे. हे मोठ्यांचं पुस्तक म्हणूनच छापलंय. तुम्ही दोघींनी एकाच वेळी वाचलंत तर उत्तम. दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक कठोर आहे, तो थांबून द्या.

नदीकाठची

@धम्मवाट, तुमचा प्रतिसाद आल्यापासून डोक्यात तोच घोळतोय.

नाही, आनंद नाही झाला. आणि झूला माफही केलं नाही. पण लेखकाने तिथे मखलाशी केलेली नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. मूल दुष्ट होतं किंवा ते आपोआप मेलं असं दाखवणं किती सोपं होतं. झू ते करते, विचार करून करते, आणि माला त्याचं काय वाटतं हेही आपल्यासमोर ठेवलं जातं. इतकी वर्षं पुरुष राजे हे करत आले आणि त्यांच्या कादंबऱ्यांत ते एका वाक्यात उरकलं गेलं. बाई आहे, तिचं प्रेम आपल्याला आवडलंय, म्हणून तिला कादंबरी सूट देत नाही. ओयांग आणि झू दोघांनाही आपापल्या इच्छेसाठी निष्पाप माणूस मारावा लागतो. एकाने प्रिय माणूस मारला आणि तो उद्ध्वस्त झाला. दुसरीने परकं मूल मारलं आणि ती उभी राहिली. मला यातली दुसरी गोष्ट जास्त भयंकर वाटते, आणि म्हणूनच ही माझ्या लेखी चांगल्या प्रेमकथेहून मोठी कादंबरी आहे.

जुनी_बखर

इतिहासात त्या बालराजाची जागा घेणारा हान लिनअर यांग्त्से ओलांडताना बुडाला. झूच्या माणसांच्या नावेत होता. अपघात म्हणून सांगितलं गेलं, पण फार थोड्यांनी विश्वास ठेवला. कादंबरीने तो संशय खरा मानला, इतकंच.

धम्मवाट

म्हणजे खऱ्या झूने तो हात लपवला आणि कादंबरीतल्या झूला लपवू दिला नाही. हे मला पटलं. तरीही दुसरा भाग उघडताना मी माच्या बाजूने असेन, झूच्या नाही.

आकाशकंदील

माबद्दलचं माझं मत निम्मं बदललंय, निम्मं अजून आहे तसंच आहे. दुसऱ्या भागासाठी वेगळा धागा काढूया का? वांग बाओश्यांगबद्दल मला खूप लिहायचंय आणि इथे लिहिलं तर नदीकाठचीताईंचा रस जाईल.

नदीकाठची

काढा, तुम्हीच काढा. शीर्षकात 'दुसरा भाग' ठळक लिहा म्हणजे चुकून उघडायला नको. हिशेबाच्या वह्या सांभाळणारा तो भाऊ मला पहिल्या भागातच ओयांगपेक्षा धोकादायक वाटला होता. वाचून झालं की तिकडे येतेच.